व्हिसा संपला की कार्ड संपतं

माननीय संपादक,
स. न.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकात कोकणातल्या मुलांना आखातात मिळणाऱ्या नोकऱ्यांवर पानभर मजकूर आला होता. पगार, ओव्हरटाइम, राहण्याची सोय, लागणारी कागदपत्रं, सगळं होतं. आजारपणाबद्दल मात्र एकच ओळ होती, 'वैद्यकीय खर्च कंपनी करते'. त्याच पानावर खाली एका एजन्सीची जाहिरात होती, 'फूड, रूम, मेडिकल फ्री'. मी शारजात एका क्लिनिकच्या इन्शुरन्स काउंटरवर बसते. अशा ओळी वाचून आलेली माणसं रोज माझ्या काचेपलीकडे उभी असतात, म्हणून हे पत्र लिहिते आहे. लांबलंय थोडं. काटछाट करायची तर जरूर करा, फक्त आकड्यांना हात लावू नका.

माझं काम तसं सोपं आहे. पेशंटने काचेखालून इमारात आयडी, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, सरकवायचा, मी नंबर टाकायचा आणि स्क्रीनवर बघायचं, की पॉलिसी चालू आहे का, आमचं क्लिनिक तिच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे ती जिथे चालते त्या दवाखान्यांच्या यादीत, आहे का आणि पेशंटने खिशातून किती भरायचे. विम्याचं वेगळं प्लास्टिकचं कार्ड आता फारसं कोणी बाळगत नाही, आयडीवरच सगळं दिसतं. तरी सगळे कार्डच म्हणतात, मीही तेच म्हणते. पॉलिसी बंद दिसली तर पेशंट घाबरतो, नेटवर्कमध्ये नसेल तर चिडतो आणि पैसे भरायला सांगितले की वाद घालतो. "ताई, कार्ड आसा ना, मगे पैशे कशाक?" हा प्रश्न मी मल्याळीत, उर्दूत, बंगालीतही ऐकलाय. मालवणीत ऐकला की जरा जास्त वेळ समजावते, एवढाच काय तो माझा पक्षपात.

संयुक्त अरब अमिरातीतल्या सगळ्या अमिरातींना (म्हणजे दुबई, शारजासारख्या इथल्या राज्यांना) एकच नियम, असं इथे बरीच वर्षं नव्हतं. अबू धाबीने २००५ साली कायदा करून परदेशी कामगारांचा आरोग्यविमा सक्तीचा केला. दुबईचा कायदा २०१३ चा. आधी हजारावर माणसं असलेल्या कंपन्या, मग मधल्या, मग छोट्या, असं करत करत तो २०१७ पर्यंत सगळ्यांना लागू झाला. शारजा, अजमान, उम्म अल क्वैन, रास अल खैमा आणि फुजैरा इथे मात्र सक्ती नव्हती. एकाच खोलीत वर-खालच्या बेडवर झोपणारे दोघे, एकाचा व्हिसा दुबईचा म्हणून त्याच्याकडे कार्ड, दुसऱ्याचा शारजाचा म्हणून त्याच्याकडे काही नाही. तेव्हा तापाने फणफणलेला माणूस काउंटरवर येऊन आधी विचारायचा, "डॉक्टरला दाखवायचे किती?" आणि आकडा ऐकून शेजारच्या दुकानातून पॅनाडॉल, तापाची साधी गोळी, घेऊन जायचा. १ जानेवारी २०२५ पासून या पाच अमिरातींतही खासगी कंपन्यांतले कामगार आणि घरकाम करणारी माणसं यांचा विमा सक्तीचा झाला. तो काढल्याशिवाय रेसिडेन्सी, म्हणजे इथे राहायचा परवाना, निघतही नाही आणि रिन्यूही होत नाही. फार चांगलं झालं. फार आधी व्हायला हवं होतं.

या नव्या नियमाबरोबर सरकारने एक स्वस्त पॅकेज ठरवून दिलं. वर्षाला ३२० दिरहम, काढायचं दोन वर्षांचं एकदम. दिरहम २३-२४ रुपयांचा धरला तर वर्षाचे साधारण साडेसात हजार रुपये होतात. हे पैसे मालकाने भरायचे असतात, कामगाराच्या पगारातून कापायचे नसतात. दुबईतही नियम हाच आहे. तरी 'मेडिकलचे कापले' म्हणून पगाराची स्लिप दाखवणारे येतातच. त्यांना मी सांगते, स्लिपचा फोटो काढून ठेवा, कामगार मंत्रालयाकडे मोबाइलवरून तक्रार करता येते. किती जण करतात ते विचारू नका.

आता या पॅकेजमध्ये मिळतं काय? नुसतं दाखवायला आलात तर बिलाचे २५ टक्के तुम्ही द्यायचे, पण एका खेपेला १०० दिरहमच्या वर नाही. त्याच दुखण्यासाठी सात दिवसांच्या आत पुन्हा आलात तर काही द्यायचं नाही. (हे बहुतेकांना माहीत नसतं आणि आठव्या दिवशी येतात.) ॲडमिट झालात तर २० टक्के, एका वेळी ५०० आणि वर्षभरात १,००० दिरहमपर्यंत, त्यावरचा खर्च विमा कंपनीचा. औषधांवर ३० टक्के तुमचे आणि औषधांची वर्षाची मर्यादा १,५०० दिरहम. जुनं दुखणं असलं तरी पहिल्या दिवसापासून उपचार चालतात. दुबईच्या बेसिक प्लॅनमध्ये पहिल्यांदाच विमा घेणाऱ्याला जुन्या आजारासाठी सहा महिने थांबावं लागतं, त्या मानाने हे बरं.

अपेंडिक्स झालेल्या, डेंग्यू झालेल्या माणसाला हे पॅकेज तारून नेतं. गळतं ते रोजच्या गोळ्यांवर. आपली माणसं तिशी-पस्तिशीत इथे येतात आणि पन्नाशीला पोचेपर्यंत साखर, बीपी, कोलेस्टेरॉल अशा तीन गोळ्या लागलेल्या असतात. पहाटे चारला उठून बसने साइटवर, उन्हात काम, रात्री मेसमधला भात, दुसरं काय होणार? महिन्याचं औषध २५० दिरहमला गेलं तर जूनअखेर १,५०० संपले. जुलैपासून सगळा खर्च खिशातून. मग गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कोण येतोय का सुट्टीवरून?' सुरू होतं आणि कुडाळच्या मेडिकलमधल्या गोळ्या कोणाच्या तरी बॅगेतून इथे येतात. यात एक धोका आहे तो इथेच सांगते. साखरेच्या-बीपीच्या गोळ्या स्वतःपुरत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणल्या तर सहसा त्रास होत नाही. पण ट्रामाडॉलसारखी दुखण्यावरची गोळी किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध इथे नियंत्रित यादीत आहे, परवानगीशिवाय सापडलं तर प्रकरण पोलिसांकडे जातं. 'शेजाऱ्याची पिशवी आहे, आत काय ते माहीत नाही' हे विमानतळावर चालत नाही.

नेटवर्कचं दुखणं वेगळंच. ३२० वालं कार्ड कुठल्याही दवाखान्यात चालत नाही. सुरुवातीला जाहीर झालेल्या यादीत ७ रुग्णालयं, ४६ क्लिनिक आणि ४५ औषधांची दुकानं होती. आमचं क्लिनिक त्या पॅकेजमध्ये नाही. देवगडकडचा एक वेल्डर एका संध्याकाळी डोळा रुमालाने दाबून आला, ठिणगी गेली होती. कार्ड आमच्याकडे चालेना. नर्सने डोळा धुऊन पॅच लावला, त्याचे पैसे डॉक्टरांनी घेतले नाहीत, आणि मी त्याच्या नेटवर्कमधल्या क्लिनिकचं नाव चिठ्ठीच्या मागे लिहून त्याच्या हातात दिलं. जाताना त्याला विचारलं, कामावर झालं की घरी? म्हणाला, कामावर. मग खरं तर कार्डाचा प्रश्नच नव्हता. कामावर झालेल्या इजेचा उपचारखर्च मालकाने करायचा, हे इथल्या कामगार कायद्यात आहे. फोरमनने त्याला "कार्ड दिलंय ना, जा" म्हणून टॅक्सीत बसवून दिलं होतं. टॅक्सीचे पैसेही त्या वेल्डरनेच भरले.

म्हणून घरून निघण्यापूर्वी एवढं विचारून घ्यावं, की व्हिसा कुठल्या अमिरातीचा, कार्ड कुठल्या प्लॅनचं आणि राहायची जागा जिथे आहे तिथून नेटवर्कमधलं क्लिनिक किती लांब. एजंटला उत्तर येत नसेल तर कंपनीच्या माणसाशी बोलायचा आग्रह धरावा. मुलगी द्यायची तर आपण घराची सात पिढ्यांची चौकशी करतो, मुलाला दोन वर्षांसाठी पाठवताना कागदाची एक बाजूही वाचत नाही.

कुटुंब आणणाऱ्यांचा प्रश्न आणखी निराळा आहे. दुबईत कंपनीवर बंधन फक्त कामगाराच्या विम्याचं. बायको-मुलांना ज्याने आणलं त्याने, म्हणजे नवऱ्याने, त्यांचा विमा काढायचा. व्हिसासाठी लागतो म्हणून टायपिंग सेंटरवाला (व्हिसाचे अर्ज भरून देणारा) जो सगळ्यात स्वस्त देईल तो घेतात. आणि मग दिवस जातात. दुबईच्या बेसिक प्लॅनमध्ये बाळंतपणाला मर्यादा आहे, साधं झालं तर ७,००० दिरहम, सिझेरियन किंवा गुंतागुंत झाली तर १०,०००, आणि त्यातले १० टक्के आपले. बऱ्याच खासगी रुग्णालयांत सिझेरियन एवढ्यात आटपत नाही. बाळ पहिले ३० दिवस आईच्या कार्डावर चालतं, पण ते काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर मर्यादा किती झरझर संपते ते मी स्क्रीनवर पाहिलंय. बाळंतपणाला माहेरी पाठवायची आपली जुनी पद्धत इथे खर्चाच्या हिशेबातही शहाणपणाची ठरते. ज्यांना इथेच करायचंय त्यांनी दिवस राहण्याआधी वरचा प्लॅन घ्यावा, कारण नंतर बदलायला गेलं की बहुतेक कंपन्या नियम दाखवतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. वर सांगितलेलं सगळं, चांगलं-वाईट जे काय असेल ते, व्हिसा आहे तोवर. कार्ड कंपनीचं असतं, आपलं नसतं. नोकरी गेली, प्रोजेक्ट संपलं, वय झालं, व्हिसा कॅन्सल झाला, की पॉलिसीही बंद. देश सोडायला थोडी मुदत मिळते, पण त्या मुदतीत कार्ड चालेलच असं धरून चालू नये.

वेंगुर्ल्याकडचे एक काका आमच्याकडे बरीच वर्षं यायचे. प्लंबिंगच्या कामावर फोरमन. साखर होतीच, पुढे हृदयाचंही निघालं, गोळ्या वाढल्या. दर महिन्याला यायचे, खुर्चीवर बसून माझ्याशी गावच्या पावसाची चौकशी करायचे, औषध घ्यायचे. एके दिवशी नंबर टाकला आणि पॉलिसी बंद दिसली. त्यांना वाटलं मशीनचा घोळ. पुन्हा टाकला. तेच. कंपनीने आठवडाभरापूर्वी व्हिसा कॅन्सल केला होता, हिशेबावर सही घेतली होती, विमा त्याच दिवशी संपला हे कोणी सांगितलं नव्हतं. काकांनी महिन्याच्या गोळ्या रोख घेतल्या आणि विचारलं, "वीस वर्षा हंय इन्शुरन्स होतो ना माझो, तो गावाक चलात मां?"

नाही चालत. भारतात एका विमा कंपनीतून दुसरीकडे गेलं तर आधीची वर्षं मोजली जातात, पण आखातातल्या कंपनीच्या कार्डाची वर्षं भारतातल्या पॉलिसीत धरली जात नाहीत. काका गावी गेले. ग्रॅच्युइटीतून घरावर स्लॅब टाकला. मग साठीच्या उंबरठ्यावर पॉलिसी काढायला गेले, तेव्हा एकाने नकार दिला, दुसऱ्याने हप्ता असा सांगितला की ते उठून आले, तिसऱ्याने साखर आणि हृदय दोन्हींसाठी तीन वर्षं थांबा म्हणून सांगितलं. तीन वर्षं संपायच्या आत त्यांना कुडाळहून गोव्याला, बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यावं लागलं. जीव वाचला. स्लॅब टाकून उरलेले पैसे गेले.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की भारतातली आपली स्वतःची पॉलिसी इथे नोकरीत असतानाच, तब्येत धड असतानाच काढा. कंपनीचं कार्ड आहे म्हणूनच काढा, कारण थांबायची मुदत त्या कार्डाच्या आडोशाला निघून जाते. भारतातल्या नियमांत जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. २०२४ पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती. हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा, गुडघा अशा ठरावीक गोष्टींसाठी बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षं थांबवतात. आणि सलग ६० महिने पॉलिसी चालवली की 'तुम्ही आजार सांगितला नव्हता' म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तर गोष्ट वेगळी. चाळिसाव्या वर्षी काढलेली पॉलिसी पंचेचाळिसाव्या वर्षी या सगळ्यातून बाहेर पडलेली असते. साठीत सुरुवात केली तर हीच गणती पासष्टीपर्यंत जाते. वयाची वरची अट २०२४ पासून काढून टाकली आहे हे खरं, पण दार उघडं आहे म्हणजे हप्ता परवडेल असं नाही.

अनिवासी भारतीयाला भारतात पॉलिसी मिळत नाही हा गैरसमज आहे. मिळते. अर्जात आपण परदेशात राहतो हे सरळ लिहायचं, हप्ता एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या बँक) खात्यातून भरायचा, तपासण्या सांगितल्या तर सुट्टीत करून घ्यायच्या. उपचार मात्र बहुतेक पॉलिसींत भारतातच चालतात, त्यामुळे ती काढून इथल्या कार्डाची जागा भरत नाही. आणि साखर आहे तर आहे म्हणून लिहायचं. एजंट म्हणतो, "कशाला लिहिता, हप्ता वाढेल." क्लेमच्या वेळी तो एजंट फोन उचलत नाही. हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसींना शून्य झाला आहे, तेव्हा 'महाग आहे' ही सबब तेवढी तरी हलकी झाली. रिन्यूअलची तारीख चुकवायची नाही. त्या महिन्यात साइटवर रेंज नव्हती, हे विमा कंपनीला ऐकू येत नाही. खात्यातून आपोआप कापायची सोय करून टाकावी.

दोन-दोन विमे कशाला, असं लोक विचारतात, आणि महिन्याला १,२०० दिरहम मिळवणाऱ्याने विचारलं तर मला उत्तर देताना जड जातं. त्यातून घरी पाठवायचे, मेसचे द्यायचे, मोबाइल, उरतं किती? त्याला मी मोठ्या पॉलिसीच्या नादी लावत नाही. त्याने निदान गावची सरकारी सोय पक्की करून ठेवावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता महाराष्ट्रातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण मुलगा बाहेरगावी म्हणून त्याचं नाव रेशनकार्डातून कमी केलेलं, कुणाचा आधार जुन्या पत्त्यावर, असे घोळ प्रत्येक घरात असतात. सुट्टीत आलं की नातेवाइकांकडे जेवणावळी झोडण्यात महिना जातो, त्यातली एक सकाळ तहसीलला द्यावी. आईवडील सत्तरीच्या पुढे असतील तर ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, मुलगा दुबईत कितीही कमवत असो. गोव्यात पाच वर्षांहून जास्त राहणाऱ्यांना दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाख. रोगी बांबोळीला न्यायचा म्हटला की आमच्या सिंधुदुर्गातल्यांना हे आठवतं आणि हळहळ वाटते, कारण ते कार्ड आपल्याकडे नसतं.

सगळ्यात वाईट अवस्था व्हिजिट व्हिसावर येणाऱ्यांची. "आधी या, मग व्हिसा करू" म्हणून मुलांना आणि घरकामाला बायकांना आणलं जातं. व्हिजिट व्हिसावर कामगाराचा विमा लागू होतच नाही. प्रवासविमा असलाच तर तो अचानक उद्भवलेल्या आजारापुरता, जुन्या दुखण्याला बहुधा नाही. आणि या वाटेने आलं की भारत सरकारची प्रवासी भारतीय बीमा योजनाही हातची जाते, कारण ती निघते इमिग्रेशन क्लिअरन्सबरोबर, म्हणजे परदेशी नोकरीला जायच्या सरकारी परवानगीबरोबर. ही योजना २००३ पासून आहे. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये आणि वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख, आजारपणात रुग्णालयाच्या खर्चाला १ लाखापर्यंत. पावणेतीनशे रुपयांत एवढं देणारं दुसरं काही मला माहीत नाही. पण ती सक्तीची आहे ती ज्यांना ही परवानगी लागते त्या ईसीआर पासपोर्टवाल्यांना, म्हणजे ढोबळमानाने दहावी न झालेल्यांना. आमच्या कोकणातली मुलं दहावी पास असतात, पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का नाही याचा घरच्यांना अभिमान असतो, आणि तोच मुलगा मचाणावरून पडला तर निरक्षर सोबत्याला मिळणारे १० लाख त्याच्या घरी येत नाहीत. शिक्षण बघून विम्याची सक्ती ठरवायची, यातलं तर्कट मला कळलेलं नाही. आपल्या खासदारांनी हे विचारावं.

अडचणीत सापडलेल्याने दुबईतल्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या ८०० ४६३४२ या फुकट नंबरवर फोन करावा. अगदीच हलाखीत असलेल्याला दूतावासाच्या कल्याण निधीतून उपचाराला किंवा घरी पाठवायला मदत होऊ शकते. होतेही. पण कागद मागतात आणि वेळ लागतो, त्यामुळे विम्याऐवजी यावर भिस्त ठेवू नये.

युरोप-अमेरिकेतल्या मुलांचे आईवडीलही आपलं दैनिक वाचतात. त्यांच्याबद्दल मी जास्त बोलणार नाही, तो माझा प्रांत नव्हे. माझा भाचा जर्मनीत आहे, त्याचा आरोग्यविमा पगारातून कापला जातो आणि साधारण निम्मा भार कंपनी उचलते. ताई-भावोजी त्याच्याकडे गेले तेव्हा शेंगेन व्हिसासाठी ३० हजार युरोंचा प्रवासविमा काढावा लागला, तोही जुन्या आजारांना फारसा कामाचा नव्हता. भावोजींची बीपीची औषधं ताईने मोजून भरून घेतली होती, जायच्या दिवसांपेक्षा पंधरवडाभर जास्त.

संपादक महोदय, शेवटची एक विनंती आपल्याकडेच आहे. आपल्या रविवारच्या पुरवणीत आखाती नोकऱ्यांच्या जाहिराती असतात. जाहिरात घेताना एजन्सीकडून आपण तिचा परवाना क्रमांक मागतच असाल. त्यासोबत आणखी चार ओळी मागा आणि छापा, व्हिसा कुठल्या अमिरातीचा किंवा देशाचा, नोकरीचा की व्हिजिट, आरोग्यविमा कुठल्या प्लॅनचा आणि तो कामगारापुरता की कुटुंबालाही. जो एजंट या चार ओळी भरायला कुरकुर करेल त्याची जाहिरात नाही घेतली तर आपलं थोडं उत्पन्न बुडेल. आमच्या काउंटरवरची गर्दीही तेवढीच कमी होईल.

माझं नाव छापू नये, नोकरी इथेच करायची आहे.

आपली एक वाचक,
शारजा (मूळ गाव तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग)